अजिंठ्याचा गिलावा

अजिंठ्याची चित्रे पाहणाऱ्याची दृष्टी रंगरेषांवर खिळते; ज्या मातीच्या गिलाव्यावर ती तगून आहेत, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः या चित्रांच्या जतनाचा इतिहास हा बव्हंशी त्या गिलाव्याचाच इतिहास होय.

वाघोरा नदीच्या वळणावरील ही लेणी काळ्या पाषाणात कोरलेली आहेत. त्यांपैकी अनेक इसवी सनाच्या पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळी सिद्ध झाली. मुद्दाम खडबडीत ठेवलेल्या भिंतींवर कारागिरांनी माती, खडकाची भुकटी, भाताचे तूस आणि गवताचे तंतू कालवून लेप चढविला. त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि तो सुकल्यावर रंग भरले. तंतूंनी माती बांधून ठेवली. मातीने ओल शोषली आणि पुन्हा हवेत सोडली. परंतु पावसाळ्यात खडकाच्या भेगांतून पाणी झिरपले की माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि हळूहळू गिलावा पाषाणाची पकड सोडून पोकळ होतो. त्यातील तूस तर कीटकांचे भक्ष्यच.

१८१९ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांना ही लेणी आढळली, तेव्हा पुष्कळ गिलावा गळून पडलेला होता. चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून, आणि मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून केले. गिल यांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली, तर ग्रिफिथ्स यांच्या अनेक १८८५ साली इंग्लंडमध्ये आगीत भस्मसात झाल्या. जिच्या प्रती घेतल्या, ती जीर्ण भिंतच अखेर खरा आधार उरली.

मात्र रंग उजळून दिसावेत म्हणून तिच्यावर रोगण फासण्यात आले होते. पुढे हैदराबाद संस्थानाने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या तज्ज्ञांना पाचारण केले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी सुटलेला गिलावा पुन्हा भिंतीशी जखडला. त्यांच्या परिश्रमाने कितीतरी चित्रे वाचली, हे निर्विवाद आहे. पण त्यांनी दिलेले लाखेचे रोगण कालांतराने काळवंडले, धूळ धरून बसले, आणि आतील ओलीची वाट अडवू लागले. पृष्ठभाग जितका घट्ट बंद करावा, तितकी मागची ओल त्याला लोटून देते. मग पोपड्यांबरोबर रंगही सुटतो. स्वातंत्र्योत्तर काळात लेण्यांची जबाबदारी स्वीकारलेल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांना हे जुने थर मोठ्या सावधगिरीने उतरवावे लागले.

सामान्य घराच्या भिंतीचा न्यायही याहून निराळा नाही. प्रथम पाण्याचा उगम शोधून तो थांबवावा, भिंतीला सुकण्यास अवधी द्यावा, पोकळ भाग काढून टाकावा, आणि जी माती वा जो चुना मूळचा असेल, त्याच्याच जातीचा लेप भरावा. मातीच्या वा चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा कठीण थर दिल्यास ओल नाहीशी होत नाही. ती केवळ दृष्टीआड होते आणि आतून आपले काम चालू ठेवते. अजिंठ्यात ही गोष्ट उमगण्यास काही पिढ्या लागल्या, आणि तिचे मोल चित्रांनी मोजले.