राणीच्या माथी मारलेली फॅशन

अठराव्या शतकातल्या फ्रेंच स्त्रियांच्या पोशाखाविषयी एक मत इतके रुळले आहे की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटतच नाही. फॅशन व्हर्सायच्या राजवाड्यात जन्मे. तिथून ती सरदारांच्या बायकांकडे, मग पॅरिसच्या व्यापाऱ्यांच्या घरी आणि शेवटी मोलकरणींपर्यंत झिरपे, असे हे मत. या उतरंडीच्या माथ्यावर राणी मारी आंत्वानेत. तिने केसांचे मनोरे रचले की साऱ्यांनी रचायचे. आणि तिच्या या नादापायी खजिना रिता होऊन क्रांती झाली. 'यथा राजा तथा प्रजा' हे सूत्र अंगवळणी पडलेल्या आपल्यालाही ही गोष्ट चटकन पटते.

या मताला भक्कम साक्षीदारही आहे. राणीच्या सेवेत राहिलेल्या मादाम कांपाँ यांच्या आठवणी 1822 मध्ये प्रसिद्ध झाल्या. राणीने घातले ते लगोलग सगळ्याजणी घालत, त्यापायी घरोघरी कर्जे झाली, अशी तक्रार त्यांत आहे. राणीच्या शत्रूंची चोपडी वेगळे काही सांगत नव्हती. मित्र आणि शत्रू एकच बोलू लागले की वाचक शंका घेत नाही. पण दोघांचेही लक्ष राजवाड्यावरच खिळलेले होते, हे विसरून चालणार नाही.

मुळात दरबाराचा स्वतःचा पोशाख कोणता? 'ग्राँ आबी'. देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्यांनी ताठ केलेली चोळी, कमरेपासून दोन्ही बाजूंना फुगवलेला घागरा आणि मागे लोळणारा पायघोळ शेव. त्याची घडण चौदाव्या लुईच्या काळची, आणि 1789 पर्यंत ती फारशी बदलली नाही. नवे घडवण्यापेक्षा जुने जपणे हे दरबाराचे काम होते. उलट शतकाच्या आरंभी लोकप्रिय झालेला सैल झगा रंगभूमीशी जोडलेला आहे: 1703 मध्ये कॉमेदी-फ्रान्सेज या नाट्यसंस्थेच्या नटी मादाम दांकूर यांनी तसा झगा रंगमंचावर आणला. चौदाव्या लुईची वृद्ध भावजय तर असले झगे आपल्यासमोर खपवून घेत नसे. अंथरुणातून उठून आल्यासारखे ते तिला वाटत. पुढे त्याच सैल झग्याच्या पाठीवरच्या चुण्या शिवून बसवल्या गेल्या आणि 'रोब आ ला फ्रान्सेज' हा शतकाचा सर्वांत प्रतिष्ठित पेहराव तयार झाला. राजघराण्याने नाक मुरडलेली वस्तू पुढच्या पिढीत बड्या घरांची शान ठरली.

दुसरा पुरावा आपल्याकडच्या कापडाचा. कोरोमंडल किनाऱ्यावरचे रंगीत चीट फ्रान्समध्ये इतके खपू लागले की रेशीम आणि लोकर विणणारे हवालदिल झाले. 1686 मध्ये राजाज्ञेने अशा कापडावर बंदी आली. आयात, छपाई, वापर, सारेच गुन्हा. बायकांना दंड झाले, चोरट्या व्यापाऱ्यांना त्याहून कडक शिक्षा झाल्या. तरी चीट वापरात राहिले, खुद्द राजाची प्रेयसी मादाम द पोंपादूर हिच्या महालातही पोचले. अखेर 1759 मध्ये बंदी उठली आणि पुढच्याच वर्षी ओबेरकांफ या उद्योजकाने व्हर्सायजवळच्या जुई गावात छपाईचा कारखाना काढला. फॅशन सिंहासनाच्या इशाऱ्यावर चालत असती, तर त्र्याहत्तर वर्षांची राजाज्ञा एका छापील कापडापुढे हरली नसती.

मग फॅशन घडवत कोण होते? 1675 मध्ये पॅरिसच्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना स्वतःचा संघ मिळाला. दरबारी चोळी पुरुष शिंप्यांकडे राहिली, रोजचे झगे स्त्रियांच्या हाती आले. पुढे 'मार्शांद द मोद' या दुकानदारणी पुढे आल्या. झग्याचा बेत वर्षानुवर्षे तोच राही; फिती, लेस, पिसे, कापडी फुले मात्र हंगामागणिक बदलत, आणि ती लावणे हेच यांचे कसब. 1776 मध्ये यांचाही संघ झाला. त्याची पहिली प्रमुख रोझ बेर्तँ आबव्हील या लहान गावातून आलेली. सँतोनोरे रस्त्यावरच्या तिच्या दुकानाचे नाव 'महान मोगल'. ती व्हर्सायला जाई, पण दुकान तिने पॅरिसमध्येच ठेवले आणि परदेशी गिऱ्हाइकेही सांभाळली.

इथे मादाम कांपाँ यांचीच साक्ष उलटते. राजसेवेतल्या माणसाने बाहेरची कामे सोडायची असा रिवाज होता. राणीने मात्र आपला केशभूषाकार लिओनार याला पॅरिसच्या स्त्रियांची कामे चालू ठेवायला लावले. कारण? ती कामे सुटली तर त्याची अभिरुची बोथट होईल, ही तिला भीती. अभिरुचीचा झरा कुठे आहे हे राणीला तिच्या चरित्रकारांपेक्षा चांगले कळत होते.

मलमलीच्या झग्याचेही तसेच. 1783 च्या 'सालों' या चित्रप्रदर्शनात चित्रकार विजे ल ब्रँ यांनी काढलेले राणीचे चित्र लागले: साधा पांढरा झगा, कमरेला पट्टा, डोक्यावर गवती टोपी. कॅरिबियन वसाहतींतल्या उकाड्यात फ्रेंच स्त्रिया असेच झगे वापरत. राणी आतल्या कपड्यांत दाखवली आणि ल्योंचे रेशीम बुडवते, असा ओरडा झाला. चित्र उतरवून रेशमी पोशाखातले दुसरे लावावे लागले. पांढरी मलमल मात्र टिकली. 1793 मध्ये राणीचा शिरच्छेद झाला, तरी त्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये तीच सर्वत्र दिसत होती.

आता खजिन्याचा हिशेब. 1785 मध्ये राणीच्या कपड्यांवर सुमारे 2,58,000 लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) खर्च झाले. ठरलेल्या 1,20,000 च्या दुपटीहून अधिक. उधळपट्टी खरीच. पण 1788 मध्ये राज्याचा एकूण खर्च सुमारे 63 कोटी लिव्र होता. म्हणजे दर चोवीसशे लिव्रमागे एक लिव्र राणीच्या कपड्यांचा. त्याच 63 कोटींतला जवळजवळ निम्मा भाग कर्जफेडीत जात होता, आणि त्या कर्जाचा मोठा वाटा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा. आरमाराची किंमत झग्याच्या नावावर मांडणे राजकारणाला सोयीचे होते, एवढेच.

राणीचा वाटा शून्य नव्हता. तिने एखादी वस्तू घातली की तिचा बोभाटा लवकर होई, आणि बेर्तँने त्या नावावर भरपूर माल विकला. पण जाहिरात करणे वेगळे आणि घडवणे वेगळे. इतिहासकार दानिएल रोश यांनी पॅरिसमधल्या मृतांच्या मालमत्तेच्या याद्या तपासल्या. शतकाच्या अखेरीस मोलकरणींच्या पेट्यांत रंगीत सुती झगे साठत गेल्याचे त्यांत दिसते. राणीची तसबीर पाहून त्या कपडे घेत होत्या असे म्हणणे म्हणजे पगार, बाजारभाव आणि जुन्या कपड्यांची दुकाने यांच्याकडे डोळेझाक करणे. या शतकाच्या पोशाखाचा इतिहास लिहायचा तर संघांच्या नोंदी, दुकानांच्या वह्या आणि अशा याद्या आधी उघडाव्यात. राजवाड्यातल्या आठवणी त्यानंतर.