घोरपड खरी का?

शिवजयंतीच्या कार्यक्रमासाठी आपल्या बालचमूचे सिंहगडावरील नाटुकले बसवणे चालू आहे. गेल्या शनिवारी घोरपडीचे काम करणाऱ्या चिरंजीवांना शेपूट बांधून झाले, तेवढ्यात एका मुलीने विचारले, "काका, टीचर म्हणाल्या किंग आर्थर ही नुसती लेजंड आहे. मग तानाजी पण लेजंडच का?" आम्ही म्हटले, "नाही गं, तानाजी अगदी खरा." "आणि घोरपड?" आम्ही चहाचे पाणी उकळले का ते पाहायला गेलो!

प्रश्न मात्र पाठ सोडीना. आम्ही पेशाने रसायनशास्त्रज्ञ. मिश्रण दिसले की घटक वेगळे करून पाहायची खोड. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी आर्थर. इ. स. ८३० च्या सुमाराच्या एका लॅटिन ग्रंथात तो बारा लढाया जिंकणारा सेनानी म्हणून येतो. तेथे त्याला राजा म्हटलेले नाही आणि गोलमेजही नाही. ११३६ च्या सुमारास जेफ्री ऑफ मन्मथने त्याला दिग्विजयी राजा केले. गोलमेज ११५५ मध्ये वास नावाच्या कवीने आणले. कॅमेलॉट, लॅन्सलॉटचे प्रेम आणि ग्रेल ही त्याच शतकातल्या क्रेतियँ या फ्रेंच कवीची भर. दगडातून उपसलेली तलवार १२०० च्या आसपासची. हे सारे मॅलरीने एकत्र केले आणि कॅक्स्टनने १४८५ मध्ये छापले. पुढे टेनिसनचा आर्थर व्हिक्टोरियन सद्गृहस्थ झाला. टी. एच. व्हाइटने महायुद्धाच्या छायेत लिहिले, म्हणून त्याच्या आर्थरला चिंता पडली की बळ न्यायासाठी कसे वापरावे. मुलांना ठाऊक असलेला डिस्नेचा १९६३ चा चित्रपट व्हाइटवरूनच निघाला.

या कथांची मुळे आणखी खोल आहेत. जुन्या वेल्श काव्यात आर्थर परलोकातली एक कढई आणायला जातो. ती भित्र्याचे अन्न शिजवत नाही. काही अभ्यासकांना ग्रेलचे मूळ अशा कढईत दिसते. आपल्याला द्रौपदीची थाळी आठवल्यावाचून राहत नाही. आर्थरची तलवार शेवटी पाण्यात टाकतात, तिलाही आधार आहे. या बेटावरचे लोक रोमनांच्या आधीपासून नद्या-तळ्यांना शस्त्रे अर्पण करीत. १८५७ मध्ये थेम्समध्ये सापडलेली बॅटरसीची ढाल ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मुलांना जरूर दाखवावी.

आणि दंतकथा माणसांकडून कामेही करवून घेते. तिसऱ्या एडवर्डने १३३६ मध्ये आपल्या पिनरला जत्रेची सनद दिली. ती जत्रा अजून भरते, आपली मुले तिथल्या पाळण्यांत बसतात. त्याच राजाने १३४४ मध्ये विंडसरला आर्थरसारखे गोलमेज स्थापण्याचे जाहीर केले आणि त्यासाठी इमारतही बांधायला घेतली. ती पुरी झाली नाही, ही गोष्ट वेगळी.

आता सिंहगड. लढाई झाली फेब्रुवारी १६७० मध्ये. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांच्या आत, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, सभासदाने आपली बखर लिहिली. तिच्यात मावळे रात्री कड्यावरून वानरासारखे चढतात. तानाजी आणि उदेभान झुंजतात, तानाजीची ढाल तुटते, तो डाव्या हाताची ढाल करतो आणि दोघेही पडतात. मग भाऊ सूर्याजी लोकांना सावरून गड घेतो. घोरपडीचा पत्ता नाही! ती येते तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. पण शाहिराच्याही आधी ती दुसरीकडे होती. घोरपडे घराण्याच्या आडनावामागे अशीच कथा सांगतात, की बहामनी काळात त्यांच्या पूर्वजाने घोरपडीच्या मदतीने किल्ला सर केला. म्हणजे कड्यावर चढणारी घोरपड एका वीराकडून दुसऱ्याकडे आली, कढई आली तशीच.

'गड आला पण सिंह गेला' हे ह. ना. आपट्यांच्या कादंबरीचे नाव घरोघरी झाले, आणि त्यावरूनच गडाला नाव पडले असे आपण सांगतो. परंतु १६६३ च्या महाराजांच्या पत्रातच 'सिंहगड' हे नाव आढळते. पुढे बाबूराव पेंटरांचा १९२३ चा मूकपट आला, २०२० मध्ये 'तान्हाजी' आला. प्रत्येकाने आपापली पुटे चढवली.

मग फरक कोणता? आर्थरवरची पुटे काढत गेलो तर आत माणूस सापडेलच याची खात्री नाही. तानाजीवरची काढली तर सूर्याजी उरतो, उदेभान उरतो, तुटलेली ढाल उरते. हे आपण मुलांना आताच सांगितले पाहिजे. सगळेच खरे म्हणून सांगितले, तर ज्या दिवशी घोरपड खोटी ठरेल त्या दिवशी तानाजीही तिच्याबरोबर जाईल. इथे वाढणारी मुले पुरावा विचारणारच. त्यांना शाळेत तेच शिकवतात, आणि ते योग्यच आहे.

पुढच्या तालमीला त्या मुलीला आम्ही हे सगळे सांगितले. तिने थोडा विचार केला आणि स्वतःच सूत्रधाराचे काम मागून घेतले. आता ती सुरुवातीलाच सांगणार आहे, "शाहीर म्हणतात घोरपड होती. बखर म्हणते नव्हती. तानाजी होता, असे दोघेही म्हणतात."

शेपूट अर्थातच राहिले आहे. चिरंजीव ते सोडायला तयार नाहीत.