सर्जनचा हात कशावर बसतो?

धुळ्यात चक्करबर्डीच्या सर्वोपचार रुग्णालयात साक्री, शिरपूर, शिंदखेड्याचे रुग्ण येतात. सातपुड्यातल्या पाड्यांवरूनही येतात. श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची मुलं त्यांच्याच खाटांशी वैद्यक शिकतात. 1980च्या दशकाच्या अखेरीस हे महाविद्यालय निघण्याआधी खानदेशच्या मुलांना त्यासाठी पुणे, मुंबई, औरंगाबाद गाठावं लागे. रीत मात्र सगळीकडे एकच: वरिष्ठांचं बघायचं, मग करायचं. त्यामुळे शिकाऊ हाताचा पहिला टाका बहुधा सरकारी वॉर्डातल्या गरीब माणसाच्या वाट्याला येई.

हे टाळण्याची वाट सुश्रुतसंहितेत आहे. सूत्रस्थानाचा नववा अध्याय सरावालाच वाहिलेला आहे. छेद घ्यायचा तो कोहळा, दुधी, काकडीवर. शीर वेधायची ती मेलेल्या जनावराची किंवा कमळाच्या देठाची. टाके जाड कापडावर नि मऊ चामड्यावर, पट्ट्या बाहुल्याच्या अंगावर. ग्रंथ जाणणारा पण सराव न केलेला शिष्य शस्त्रकर्माला अपात्र, असं तिथे बजावलं आहे.

अशा सरावाच्या वाटा पुढे इतरत्रही निघाल्या. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मादाम द्यु कूद्रे कापडी कटी आणि कापडी बाळ घेऊन गावोगावच्या सुइणींना बाळंतपण शिकवत फिरल्या. 1960मध्ये नॉर्वेचे खेळणी बनवणारे आस्मुंड लेर्डाल यांनी तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी ‘रेससी अ‍ॅन’ ही बाहुली आणली.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने सरावाचा हा प्रश्न अधिक अवघड केला. 1990मध्ये डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतातली ती पहिली अशी शस्त्रक्रिया. अशा शस्त्रक्रियेत नजर पडद्यावर असते, हात उजवीकडे नेला की पोटातलं टोक डावीकडे जातं, आणि बोटांना ऊतींचा स्पर्श जेमतेम कळतो. हा उलटा हिशेब संगणकातल्या आभासी पोटावर पुन्हा पुन्हा गिरवता येतो. येल विद्यापीठाच्या 2002च्या अभ्यासात 16 शिकाऊ सर्जनांपैकी निम्म्यांना असा सराव दिला. त्यांनी पित्ताशय सोडवण्याचं काम 29 टक्के कमी वेळात केलं. सराव नसलेल्यांच्या हातून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीच ऊती भाजण्याची शक्यता पाचपट होती.

2019पासून भारतात एमबीबीएसचा अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित झाला. 2020च्या नियमांनी प्रत्येक महाविद्यालयाला स्किल लॅब, म्हणजे सरावाची प्रयोगशाळा, सक्तीची केली; 150 प्रवेशांपर्यंत किमान 600 चौरस मीटर जागा हवी. त्याच सुमारास खानदेशात जळगाव आणि नंदुरबारची शासकीय महाविद्यालयं उभी राहत होती.

आभासी यंत्रं महाग आहेत, पण टाके घालायचा पहिला सराव केळीच्या सालीवरही होतो. खरी गरज आहे ती वेळापत्रकात राखून ठेवलेल्या तासांची आणि चूक तिथल्या तिथे दाखवणाऱ्या शिक्षकाची. पुढे धडगाव-अक्कलकुव्याच्या दवाखान्यात रात्री एकट्याने उभं राहणाऱ्या डॉक्टरला हे तास शिकतानाच मिळायला हवेत, आणि सरकारने त्यासाठी पुरेसे शिक्षक नेमायला हवेत.