कॅमेऱ्याच्या पोटातला हादरा

ट्रायपॉडवर पक्का बसवलेला कॅमेराही नेमका फोटो काढण्याच्या क्षणी हलतो. हा धक्का बाहेरून येत नाही, तो कॅमेऱ्याच्या आतच तयार होतो. आरसा झटक्यात वर जातो आणि थांबतो, शटरचा पडदा वेगाने धावतो आणि थांबतो. थांबताना दोन्हींचा हादरा कॅमेऱ्याच्या अंगाला बसतो आणि कॅमेरा, लेन्स व ट्रायपॉड मिळून थोडा वेळ थरथरत राहतात. त्याच वेळी एक्स्पोजर चालू असेल तर चित्रातल्या कडा पुसट होतात. छायाचित्रणाच्या पहिल्या चाळीसेक वर्षांत ही अडचण जवळजवळ नव्हतीच. ती कॅमेऱ्याच्या प्रगतीबरोबर वाढत गेली आणि तिच्यावरचे उपायही टप्प्याटप्प्याने सापडत गेले.

१८३९ मध्ये फ्रान्समध्ये डागेरोटाइपची पद्धत जाहीर झाली तेव्हा एका चित्राला कित्येक मिनिटांचे एक्स्पोजर लागत असे. कॅमेऱ्याला शटर नव्हते. छायाचित्रकार लेन्सवरचे झाकण हाताने काढी, घड्याळ पाहून थांबे आणि झाकण परत लावी. झाकण काढताना लाकडी पेटी किंचित हलली, तरी मिनिटांच्या हिशेबात ती थरथर गणतीतही येत नसे. हलण्याची खरी भीती होती ती समोर बसलेल्या माणसाची. म्हणून स्टुडिओत खुर्चीमागे लोखंडी दांडा उभा करून त्याच्या चिमट्यात गिऱ्हाइकाचे डोके अडकवून ठेवत. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली आणि एक्स्पोजर काही सेकंदांवर आले. तरीही झाकणावर काम भागत होते.

हे चित्र पालटले ते कोरड्या जिलेटिन काचांमुळे. रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये ही कल्पना मांडली आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा तयार काचा बाजारात मिळू लागल्या. त्या इतक्या संवेदनशील होत्या की भर उन्हात सेकंदाचा छोटासा अंश पुरे. एवढ्या कमी वेळात झाकण काढून परत लावणे माणसाच्या हाताला जमणारे नव्हते. त्या कामासाठी यंत्र लागले, आणि कॅमेऱ्यात पहिल्यांदाच एक वेगाने हलणारा भाग आला. सर्वांत साधे शटर म्हणजे भोक असलेली फळी. ती खाचेतून लेन्ससमोर खाली पडे, भोक लेन्ससमोरून जाई तेवढ्यापुरता प्रकाश आत येई आणि फळी तळाशी आपटून थांबे. वेग वाढवायचा तर फळीला रबर लावत. त्याने आपटणेही वाढे. एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे धावत्या घोड्याची चित्रे घेतली ती ओळीने लावलेल्या बारा कॅमेऱ्यांनी. घोड्याने वाटेतल्या तारा ओढल्या की एकेक शटर सुटत असे.

पुढे मँचेस्टरच्या थॉर्नटन-पिकार्ड कंपनीची शटरे लोकप्रिय झाली. त्यांत लेन्ससमोर कापडी पडदा एका रुळावरून दुसऱ्या रुळावर गुंडाळला जाई. ते सोडण्यासाठी लांब नळीच्या टोकाला रबरी फुगा असे. फुगा दाबला की हवेच्या दाबाने शटर सुटे. छायाचित्रकाराचा हात अशा रीतीने कॅमेऱ्यापासून वेगळा झाला. विसाव्या शतकात फुग्याची जागा तारेच्या केबल रिलीजने घेतली. बोटाचा धक्का टाळण्याचा प्रश्न एवढ्यावर सुटला. यंत्राच्या स्वतःच्या धक्क्याचा प्रश्न तसाच राहिला.

एव्हाना शटरच्या दोन जाती रूढ झाल्या होत्या. पहिली पाकळ्यांची. तिच्यात लेन्सच्या आत पातळ धातूची काही पाती वर्तुळात बसवलेली असतात. ती मध्यातून बाहेर उघडतात आणि पुन्हा मध्याकडे मिटतात. म्युनिकच्या फ्रीडरिश डेकेल कंपनीचे १९१२ चे कॉम्पूर शटर हे या जातीचे प्रसिद्ध उदाहरण. पाती हलकी असतात आणि सगळ्या दिशांना सारखी सरकतात, त्यामुळे एकीचा धक्का समोरचीच्या धक्क्याने बराचसा रद्द होतो. हादऱ्याच्या दृष्टीने यापेक्षा चांगले यांत्रिक शटर झाले नाही. मात्र त्याचा वेग १/५०० सेकंदाच्या फारसा पुढे जात नाही आणि प्रत्येक लेन्सला स्वतंत्र शटर लागते.

दुसरी जात पडद्यांची. हे शटर लेन्समध्ये न बसता फिल्मच्या अगदी पुढे बसते. जर्मनीत ओटोमार आन्शुट्झ यांनी १८८८ मध्ये अशा शटरचे पेटंट घेतले. दोन पडद्यांपैकी पहिला सरकून फिल्म उघडी करतो आणि दुसरा त्याच दिशेने येऊन ती झाकतो. त्याने वेग वाढला आणि एकाच शटरवर हव्या तितक्या लेन्स बदलता येऊ लागल्या. पण पडदे एकाच दिशेने धावत असल्याने त्यांचा धक्का रद्द करणारे समोर काही नव्हते. १९२५ मध्ये ऑस्कर बारनॅक यांचा लायका बाजारात आला, त्यात हेच शटर होते. त्याचे कापडी पडदे लहान आणि हलके होते, आणि कॅमेऱ्यात आरसा नव्हता. त्यामुळे त्याचा हादरा फारसा जाणवत नसे.

आरसा आला आणि हादऱ्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने मोठा झाला. लेन्समधून दिसणारे दृश्य आरशाने वर वळवून छायाचित्रकाराला दाखवायचे, ही कल्पना थॉमस सटन यांनी १८६१ मध्येच मांडली होती. ३५ मिलिमीटर फिल्मवर ती ड्रेस्डेनच्या किने एक्झाक्टाने १९३६ मध्ये आणली. त्यात फोटो झाल्यावर आरसा वरच राही आणि पुढची फिल्म ओढेपर्यंत डोळा लावायच्या व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार असे. जपानच्या असाही कंपनीने १९५४ मध्ये असाहीफ्लेक्स २बी या कॅमेऱ्यात आपोआप लगेच खाली येणारा आरसा दिला. १९५९ मध्ये निकॉन एफ आल्यावर हीच रचना व्यावसायिकांचे नेहमीचे हत्यार बनली.

अशा कॅमेऱ्याचे बटण दाबल्यावर काय घडते ते क्रमाने पाहिले की दोष कुठे आहे ते कळते. आरसा उसळून वरच्या फोमच्या गादीवर आदळतो. लेन्सचे छिद्र ठरवलेल्या आकारापर्यंत आवळले जाते. लगेच पहिला पडदा सुटतो आणि फिल्म उघडून थांबतो. ठरलेला वेळ संपला की दुसरा पडदा धावतो आणि मग आरसा खाली येतो. हे सारे निमिषात उरकते. म्हणजे आरशाच्या आदळण्याने उठलेली थरथर शमण्यापूर्वीच एक्स्पोजर सुरू होते, आणि त्यात पहिल्या पडद्याच्या थांबण्याचा धक्का भर घालतो. दुसऱ्या पडद्याचा आणि आरसा खाली येण्याचा धक्काही असतोच, पण तोवर चित्र पूर्ण झालेले असते.

सगळ्याच वेगांना याचा सारखा त्रास होत नाही. १/१००० सेकंदात थरथरीला हलायलाच वेळ मिळत नाही. दहा सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये सुरुवातीची थरथर एकूण प्रकाशाचा क्षुल्लक भाग ठरते. धोका मधल्या पट्ट्यात, ढोबळमानाने १/२ ते १/६० सेकंद या वेगांना असतो. ट्रायपॉड वापरणाऱ्यांचे काम नेमके याच पट्ट्यात चाले. २५ एएसए संवेदनशीलतेच्या कोडाक्रोम फिल्मवर, एफ/१६ छिद्राला, लख्ख उन्हातही १/२५ सेकंद लागे. पहाटे किंवा सावलीत त्याचे १/८ किंवा १/४ होई. निसर्गचित्रे काढणारे अशा प्रकारे सर्वांत वाईट वेगांमध्येच सापडत.

सर्वांत सरळ उपाय म्हणजे आरसा आधी वर करायचा, थरथर थांबू द्यायची आणि मग शटर सोडायचे. निकॉन एफमध्ये आरसा वर अडकवून ठेवण्याची सोय होती. ती मुळात हादऱ्यासाठी नव्हती, तर पाठीमागचा भाग कॅमेऱ्यात खोल शिरणाऱ्या २१ मिलिमीटरच्या लेन्ससारख्या भिंगांसाठी होती. तिचा उपयोग करताना फिल्मची एक चौकटही वाया जाई; १९७१ च्या निकॉन एफ२ मध्ये हा दोष दूर झाला. निकॉन एफएम२ मध्ये वेगळी खटकी नव्हती, पण सेल्फ-टायमर लावला की आरसा प्रारंभीच वर जाई आणि शटर काही सेकंदांनी सुटे. जाणकार त्या टायमरचा उपयोग स्वतःचा फोटो काढण्यापेक्षा यासाठीच अधिक करत.

मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यांत आरसा मोठा, म्हणून हादराही मोठा. स्वीडनच्या हॅसलब्लाड ५००सी मध्ये (१९५७) शटर पाकळ्यांचे आणि लेन्समध्येच होते. एक स्वतंत्र कळ दाबून आरसा वर करणे, छिद्र आवळणे आणि मागची झडप उघडणे ही सारी हालचाल आधीच उरकता येई. मग उरे फक्त हलक्या पात्यांची उघडझाप. याच्या उलट १९६९ च्या पेंटॅक्स ६×७ मध्ये भला मोठा आरसा आणि तितकाच मोठा पडदा होता, आणि त्याच्या दणक्याची ख्याती झाली. १९७६ मध्ये त्यात आरसा वर ठेवण्याची सोय करावी लागली. तिने आरशाचा धक्का टळला, तरी पडद्याचा धक्का राहिलाच.

काही उत्पादकांनी हादरा मुळातच कमी करायचा प्रयत्न केला. योशिहिसा माइतानी यांनी रचलेल्या ऑलिम्पस ओएम-१ मध्ये (१९७२) आरशाचा वेग हवेच्या दट्ट्याने मंदावला जाई. कॅननच्या पेलिक्समध्ये (१९६५) अर्धपारदर्शक आरसा स्थिरच बसवला होता. तो हलतच नसल्याने धक्का नव्हता. पण सुमारे एक तृतीयांश प्रकाश व्ह्यूफाइंडरकडे जाऊन फिल्मला कमी मिळे, म्हणून ही रचना सर्वत्र रुळली नाही. छायाचित्रकारही आपल्या परीने मार्ग काढत. लांब लेन्स कॅमेऱ्याऐवजी स्वतःच्या कड्यावर ट्रायपॉडला बसवायची, मधला दांडा खालीच ठेवायचा, खाली वजन टांगायचे. दुर्बिणीला कॅमेरा जोडणारे हौशी आकाशनिरीक्षक काळे पुठ्ठे लेन्ससमोर धरून शटर उघडत, थरथर थांबली की पुठ्ठे बाजूला करत आणि एक्स्पोजर संपल्यावर ते पुन्हा आड आणत.

डिजिटल कॅमेऱ्याने जुना दोष नव्याने उघडा पाडला. फिल्मवरचा फोटो मोठा करून पाहणे खर्चाचे काम होते. संगणकावर कोणीही पूर्ण आकारात एकेक ठिपका तपासू लागला. २०१२ च्या निकॉन डी८०० मध्ये ३६ मेगापिक्सेलचा सेन्सर होता आणि त्यातला एक ठिपका जेमतेम ५ मायक्रॉन रुंदीचा. ४०० मिलिमीटरच्या लेन्सवर प्रतिमा एवढी सरकायला कॅमेरा सुमारे अडीच विकला, म्हणजे एका अंशाच्या चौदाशेव्या भागाइतका, वळला तरी पुरे. ट्रायपॉडच्या डोक्यापासून दहा सेंटिमीटरवरचा बिंदू तेवढ्यात एक-सव्वा मायक्रॉन हलतो. माणसाचा केस याच्या पन्नासपट तरी जाड असतो. इतकी सूक्ष्म हालचाल नुसत्या जड ट्रायपॉडने थोपवता येत नाही.

उपायही डिजिटल तंत्रातूनच निघाला. सेन्सरवर एक्स्पोजर सुरू करण्यासाठी पडदा सरकवण्याची गरज नाही. सेन्सरच्या ओळी विजेने एकामागून एक कोऱ्या करत गेले की पहिल्या पडद्याचे काम होते. शेवट मात्र यांत्रिक दुसरा पडदा करतो. यालाच इलेक्ट्रॉनिक पहिला पडदा म्हणतात. चित्र बिघडवणारा धक्का पहिल्याच पडद्याचा असल्याने एवढा अर्धा बदलही पुरेसा ठरला. २००७ मध्ये कॅनन ईओएस ४०डी मध्ये मागच्या स्क्रीनवर थेट दृश्य पाहताना हा शांत शटरचा पर्याय मिळाला. निकॉनने २०१४ च्या डी८१० मध्ये आरसा वर ठेवण्याच्या सोयीबरोबर तो दिला.

आरसाच काढून टाकलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांनी हादऱ्याचा प्रश्न संपेल असे अनेकांना वाटले होते. झाले उलटे. या कॅमेऱ्यात थेट दृश्य दाखवण्यासाठी शटर सतत उघडे असते. बटण दाबले की ते आधी मिटते, मग एक्स्पोजरसाठी उघडते, मिटते आणि शेवटी पुन्हा उघडते. एक्स्पोजरच्या तोंडावर मिटण्याचा जादा धक्का बसतो, आणि हलक्या अंगाचा कॅमेरा तो जिरवू शकत नाही. सोनीच्या ए७आर मध्ये (२०१३) ३६ मेगापिक्सेलचा सेन्सर होता, पण इलेक्ट्रॉनिक पहिला पडदा नव्हता. लांब लेन्स लावून ट्रायपॉडवर घेतलेल्या चित्रांत हा दोष ठळक दिसला. २०१५ च्या ए७आर २ मध्ये सोनीने तो पडदा दिला आणि कमी धक्क्याचे शटर बसवले. ऑलिम्पसने २०१४ मध्ये ई-एम१ कॅमेऱ्याला नवे सॉफ्टवेअर देऊन इलेक्ट्रॉनिक पहिला पडदा दिला.

पुढची पायरी म्हणजे यांत्रिक शटरच नको. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सुरुवात आणि शेवट दोन्ही विजेनेच होतात, काहीच हलत नाही. पण सेन्सरच्या ओळी क्रमाने वाचल्या जात असल्याने धावत्या वस्तू तिरक्या दिसतात आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांखाली चित्रावर पट्टे उमटतात. वाचनाचा वेग वाढत गेला तसा हा दोष कमी झाला. २०२१ च्या निकॉन झेड९ मध्ये यांत्रिक शटर ठेवलेच नाही. सोनीने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ए९ ३ मध्ये सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो, त्यामुळे तिरकेपणाही उरला नाही.

या उपायांमागे मुख्य तीन युक्त्या आहेत: धक्के एकमेकांनी रद्द करायचे, धक्का आणि एक्स्पोजर यांत वेळ सोडायचा, किंवा हलणारा भागच काढून टाकायचा. पहिली पाकळ्यांच्या शटरने साधली, दुसरी वर अडकवलेल्या आरशाने, तिसरी इलेक्ट्रॉनिक पडद्याने. आज ट्रायपॉडवर कॅमेरा लावणाऱ्याने इलेक्ट्रॉनिक पहिला पडदा चालू ठेवावा आणि दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापरावा. जुना आरशाचा कॅमेरा असेल तर आरसा आधी वर करावा आणि लांब लेन्सला थोडे अधिक थांबावे. एवढे केल्यावरही चित्र पुसट आले, तर दोष बहुधा शटरचा नाही. वारा, जमीन, ट्रायपॉडचे सैल स्क्रू आणि फोकस तपासावा.