ग्रोटो, गुहा आणि लेणे

वाटूरच्या काही कुटुंबांसमवेत आम्ही वेरूळची लेणी पाहावयास गेलो होतो. तेथे एका शाळकरी मुलीने आम्हास विचारले, "फादर, ही लेणी, मग चर्चच्या आवारातल्या मारियामातेच्या गुहेला आपण ग्रोटो का म्हणतो? आपल्याला आपला शब्द नाही का?" प्रश्नामागची खंत आमच्या ध्यानी आली. 'तुमचे शब्दही परके' असे तिला वर्गात ऐकावे लागले होते.

या शब्दाचा प्रवास मोठा आहे. ग्रीक भाषेत 'क्रिप्ते' म्हणजे दडलेली जागा. लॅटिनमध्ये तो 'क्रिप्ता' झाला आणि लोकांच्या बोलण्यात रूप पालटून इटालियन 'ग्रोत्ता', फ्रेंच 'ग्रोत', पोर्तुगीज 'ग्रुता' असे शब्द जन्मले. इंग्रजीने 'ग्रोटो' इटालियनकडून उचलला. चर्चखालच्या तळघराचे 'क्रिप्ट' हे नावही याच घराण्यातले. दुसरे घराणे लॅटिन 'कावुस' म्हणजे पोकळ या शब्दाचे. इंग्रजी 'केव्ह' त्यातलाच. जर्मन 'ह्योले'च्या मुळाशीही पोकळपणाच आहे. कोणी गुहेतील पोकळी पाहिली, कोणी तिचे दडलेपण.

११ फेब्रुवारी १८५८ रोजी फ्रान्समधील लूर्द येथे मासाबिएलच्या गुहेत बर्नादेत सुबिरू या मुलीस प्रथम दर्शन घडले. पुढे त्या गुहेच्या प्रतिकृती देशोदेशीच्या चर्चच्या आवारांत उभ्या राहिल्या आणि 'ग्रोटो' हा शब्द आपल्याही तोंडी बसला.

आता आपला शब्द पाहू. 'गुहा' संस्कृत 'गुह्' म्हणजे लपविणे या धातूपासून आला. 'गुह्य' हा त्याचाच भाऊ. 'क्रिप्ते'शी त्याचे रक्ताचे नाते नाही, परंतु अर्थ तोच!

'लेणे' मात्र निराळे. संस्कृत 'लयन' म्हणजे विसाव्याचे, निवासाचे स्थान. अंगावर ल्यावयाचे लेणे हा वेगळा शब्द. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर उषवदाताने भिक्षूंसाठी लेणे कोरविले. तेथील सुमारे १,९०० वर्षांपूर्वीच्या शिलालेखात 'लेण' हाच शब्द आहे. येथे नाव पोकळीला नव्हे, तीत राहणाऱ्यांच्या विसाव्याला मिळाले.

परतताना आम्ही त्या मुलीस हे सारे सांगितले. 'ग्रोटो' पाहुणा खरा, पण तो जे सांगतो ते आपली 'गुहा' आधीपासून सांगत आली आहे. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "तर मग पाटीवर 'मारियामातेची गुहा' असेच लिहू या ना, फादर!" आम्हास त्यात काहीच वावगे दिसले नाही.