बोट लागते ती मनाच्या कच्चेपणामुळे नाही

वणेकाठच्या हिंगणघाटात बोट लागण्याचा विषय कशाला, असं वाटेल. पण गेटवेहून मांडव्याला जाताना मी कठडा धरून ओकलो, तेव्हा सोबतचे म्हणाले, ‘सर, मन घट्ट करा!’ ते मला फार लागलं.

इतिहास बघा. चार्ल्स डार्विन 1831 ते 1836 ‘बीगल’ जहाजावर होता, त्यालाही बोट लागायची. तो काय मनाचा कच्चा होता? पुढे 1882 साली विल्यम जेम्स या तत्त्वज्ञाने 519 कर्णबधिरांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या अनेकांना गरगरतच नव्हतं; काहींना खवळलेल्या समुद्रातही बोट लागली नव्हती. म्हणजे मूळ आतल्या कानात, तोल सांभाळणाऱ्या इंद्रियात. कान सांगतो हलतंय, केबिनमध्ये बसलेला डोळा सांगतो स्थिर आहे. या भांडणातून मळमळ होते.

उपाय म्हणजे हे भांडण मिटवणं. बोटीच्या मध्यभागी, मोकळ्या हवेत बसा. नजर क्षितिजावर ठेवा, मोबाईल खिशात. पोट रिकामं नको, तुडुंबही नको. गोळी डॉक्टरांना विचारून, बोट सुटण्याआधीच घ्यावी. ओकारी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. आणि शेजाऱ्याला बोट लागली, तर उपदेश नको; क्षितिज दिसेल अशी जागा द्या.