गायगर-म्युलर नलिकेतील शमनकारी वायू : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : जासई परिसरातून खाडीपलीकडे दिसणाऱ्या ट्रॉम्बे येथे १९५४ मध्ये अणुऊर्जा आस्थापना स्थापन झाली आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. अणुविज्ञानात किरणोत्साराचे मापन मूलभूत असते. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गायगर-म्युलर नलिकेची विश्वासार्हता निष्क्रिय वायूत मिसळलेल्या अल्पशा क्रियाशील वायूवर अवलंबून असते. या मिश्रणाचा इतिहास प्रस्तुत निबंधात तपासला आहे.

विवेचन : गायगर व म्युलर यांनी ही नलिका १९२८ मध्ये सिद्ध केली. नलिकेत केवळ अरगॉन असल्यास त्याचे आयन ऋणाग्रावर आदळून नवे इलेक्ट्रॉन मुक्त करतात. परिणामी एका कणामुळे सुरू झालेले विसर्जन आपोआप थांबत नाही व खोट्या नोंदी होतात. आरंभी बाह्य विद्युत-मंडलाने ते थांबवावे लागे. १९३७ मध्ये ट्रॉस्ट यांनी अरगॉनमध्ये अल्कोहोलची वाफ मिसळून हा दोष दूर केला. मात्र त्यामागील प्रक्रियेचे सविस्तर सैद्धांतिक विवरण कॉर्फ व प्रेझेंट यांनी १९४४ मध्ये केले. अरगॉनची आयनीभवन ऊर्जा १५.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट, तर अल्कोहोलची सुमारे १०.५ आहे. त्यामुळे वाटेतील टकरींत विद्युतभार अल्कोहोलच्या रेणूकडे जातो. हा रेणू ऋणाग्रापाशी इलेक्ट्रॉन मुक्त करण्याऐवजी स्वतः विघटित होतो. अर्थात प्रत्येक नोंदीगणिक वाफ खर्ची पडते व नलिकेचे आयुष्य मर्यादित राहते. १९४८ मध्ये लीब्सन व फ्रीडमन यांनी हॅलोजन वायूंचा वापर केला. विघटित हॅलोजन अणू पुन्हा संयोग पावत असल्याने ही मर्यादा बव्हंशी दूर झाली.

भारतात डॉ. होमी भाभा यांच्या प्रेरणेने विश्वकिरण संशोधनात या नलिकांना महत्त्व आले. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे कार्य त्याच वर्षी मुंबईत सुरू झाले. पुढे १९६५ मध्ये कोलार सुवर्णखाणीत वातावरणीय न्यूट्रिनोंचा वेध घेणाऱ्या प्रयोगातही या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी निऑनच्या स्फुरण-नलिका वापरल्या.

निष्कर्ष : वरील विवेचनावरून असे दिसते की, या क्षेत्रात प्रयोग आधी यशस्वी झाला व सिद्धांत सात वर्षांनी आला. तथापि मिश्रण का उपयोगी पडते हे उमगल्यावर त्याची मर्यादाही स्पष्ट झाली. उपकरणाचा इतिहास अभ्यासताना त्याच्या शोधाइतकेच त्याच्या दोषनिवारणाकडेही लक्ष देणे म्हणूनच अगत्याचे ठरते.